जुन्या जीपला डिझेल एंजिन : एक यांत्रिक पाठ

१. शक्तीचे साधन बदलणे म्हणजे काय?

चेन्नईच्या दक्षिणेस तांबरम आहे. १९३१ साली मद्रास बीच ते तांबरम हा मीटर-मापी लोहमार्ग विजेवर चालू लागला. वाफेचे एंजिन सोडून विजेवर चालणारा डबा जोडला की काम झाले, असे वरवर पाहणारास वाटेल. प्रत्यक्षात त्यासाठी रुळांवर तारा ताणाव्या लागल्या, विजेचा पुरवठा उभारावा लागला, चालक आणि कारागीर यांना नवे शिक्षण घ्यावे लागले. गाडीला ओढणारी शक्ती बदलली, तेव्हा तिच्याभोवतीची सर्व व्यवस्थाही बदलावी लागली.

या पुस्तिकेत आपण हाच नियम एका लहान वाहनाला लावून पाहणार आहोत. तांबरमहून दक्षिणेस जाणाऱ्या हमरस्त्याने चेंगलपट्टूकडे निघाले, की पूर्वी सर्वत्र भातशेती व तलाव दिसत. आजही त्यांपैकी काही शिल्लक आहेत. समजा, तेथील एका शेतकरी कुटुंबाकडे वडिलांच्या काळातील एक पेट्रोल जीप आहे. चारही चाकांना शक्ती पोचत असल्यामुळे ती पावसाळ्यात चिखलातून चालते, बियाण्याची पोती वाहते; परंतु पेट्रोल फार खाते. एक मिस्त्री म्हणतो, “चार दिवसांत डिझेल एंजिन बसवून देतो.” कुटुंबाने काय करावे? उत्तर ‘होय’ असो वा ‘नाही’, ते देण्यापूर्वी कोणकोणते प्रश्न विचारावेत, हे समजून घेणे हा या पाठाचा हेतू आहे.

२. दोन एंजिने, दोन स्वभाव

पेट्रोल एंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरते. दट्ट्या ते दाबतो आणि विजेची ठिणगी ते पेटवते. डिझेल एंजिनात केवळ हवाच आत घेतली जाते. ती इतकी दाबली जाते, की दाबामुळेच अत्यंत तापते. मग त्या तप्त हवेत इंधनाचा बारीक फवारा सोडला, की तो ठिणगीवाचून पेट घेतो.

दट्ट्या खाली असतानाचे आकारमान आणि तो वर गेल्यावर उरणारे आकारमान यांच्या प्रमाणास संपीडन-गुणोत्तर म्हणतात. जुन्या विलीज जीपच्या पेट्रोल एंजिनात ते सुमारे ६.५ होते. त्या पिढीच्या अनेक लहान डिझेल एंजिनांत ते २० किंवा त्याहूनही अधिक असे. २७ अंश सेल्सिअसची हवा ६.५ पट दाबली असता तिचे तापमान सुमारे ३०० अंशांपर्यंत, तर २० पट दाबली असता ५८० अंशांच्या आसपास चढते. या एका भेदातून बाकीचे सर्व भेद उद्भवतात. दाब मोठा म्हणून सिलिंडरचा ठोकळा, दट्ट्ये आणि क्रँकदंड जाड व जड करावे लागतात. भाग जड, आणि फवारा मिसळून जळण्यास थोडा अवकाश हवा, म्हणून एंजिन फार वेगाने फिरू शकत नाही. ज्वलन एकदम होते, म्हणून ठोके व कंप अधिक.

मोठ्या दाबाचा लाभ काटकसरीच्या रूपाने मिळतो. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याच्या एंजिनाची १८९७ साली ऑग्सबर्ग येथे चाचणी झाली. त्यात इंधनातील उष्णतेपैकी २६.२ टक्के उष्णतेचे उपयुक्त कार्यात रूपांतर झाले. त्या काळची वाफेची एंजिने याच्या जवळपासही नव्हती. शिवाय पेट्रोल एंजिनाची गती कमी करण्यासाठी हवेची वाटच झडपेने अडवावी लागते, आणि त्या अडलेल्या वाटेने हवा ओढण्यात शक्ती वाया जाते. डिझेल एंजिनात हवा मोकळीच शिरते. कमीजास्त होते ते केवळ इंधन. म्हणून हलक्या भाराने, धिम्या चालीने काम करताना डिझेलची बचत विशेष जाणवते. भर म्हणून एका लिटर डिझेलमध्ये एका लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक अष्टमांश अधिक उष्णता असते.

ही बचत मोटारीत आणण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न एंजिन बदलूनच झाला. अमेरिकेतील क्लेसी कमिन्स याने १९२९च्या अखेरीस एका जुन्या पॅकार्ड मोटारीत आपले नौकेचे डिझेल एंजिन बसवले आणि जानेवारी १९३० मध्ये ती इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कपर्यंत चालवत नेली. सुमारे ८०० मैलांच्या या प्रवासात इंधनाला दीड डॉलरही लागला नाही. इंग्लंडमध्ये १९३२ साली स्थापन झालेल्या पर्किन्स कंपनीने वेगाने फिरणारी लहान डिझेल एंजिने बनवली आणि पेट्रोल एंजिनाच्या जागी ती बसवण्याची प्रथा रूढ केली. पुढे १९५०च्या दशकात मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने पर्किन्स एंजिने भारतात बनवण्यास आरंभ केला.

३. ‘डिझेल बलवान असते’ हे कितपत खरे?

डिझेल एंजिनाची ओढ नेहमीच अधिक असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती तपासून पाहू. क्रँकदंडाला मिळणाऱ्या पिळाला यंत्रकार टॉर्क म्हणतात; तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. हा पीळ व फिरण्याचा वेग यांच्या गुणाकाराने शक्ती ठरते.

विलीज जीपच्या पेट्रोल एंजिनाचे आकारमान २१९९ घन सेंटिमीटर होते. मिनिटाला ४००० फेऱ्यांना त्याची शक्ती ६० अश्वशक्ती, आणि २००० फेऱ्यांना टॉर्क सुमारे १४२ न्यूटन-मीटर. मुंबईच्या महिंद्र आणि महिंद्र कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून जीपची जुळणी केली, आणि १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या डिझेल एंजिनासाठी करार केला. ते एंजिन २११२ घन सेंटिमीटरचे, म्हणजे जवळजवळ तेवढेच. त्याची शक्तीही साठ अश्वशक्तीच्या घरात होती; परंतु टॉर्क सुमारे १२० न्यूटन-मीटर, म्हणजे पेट्रोल एंजिनापेक्षा कमीच! दोन्ही देशांच्या मापनपद्धती सारख्या नव्हत्या, हे लक्षात घेऊनही डिझेलचे बल अधिक होते असे म्हणता येत नाही.

याचे कारण ज्वलनात आहे. पेट्रोल आधीच हवेत मिसळलेले असल्यामुळे सिलिंडरमधील जवळजवळ सर्व प्राणवायू उपयोगात येतो. डिझेलच्या फवाऱ्याला प्रत्येक कोपऱ्यातील हवा गाठता येत नाही. सर्व हवा वापरण्याइतके इंधन सोडले, तर त्यातील काही अर्धवट जळून काळा धूर निघतो. म्हणून काही हवा न वापरता सोडून द्यावी लागते. यावर उपाय दोन : एंजिन मोठे करणे, किंवा पंप्याने अधिक हवा कोंबणे, म्हणजे टर्बोचार्जर लावणे. आजच्या डिझेल गाड्यांची ओढ मुख्यत्वे या टर्बोचार्जरमुळे आहे. जुन्या काळी पहिला उपाय वापरत. १९६०च्या दशकात अमेरिकेत काही जीप गाड्यांना पर्किन्सचे डिझेल एंजिन मिळे. त्याचे आकारमान १९२ घन इंच, म्हणजे सुमारे ३१५० घन सेंटिमीटर होते. शक्ती ६२ अश्वशक्ती, पण ती ३००० फेऱ्यांनाच. आणि टॉर्क सुमारे १९४ न्यूटन-मीटर, तोही अवघ्या १३५० फेऱ्यांना. चिखलातून पोती ओढणाऱ्या गाडीला हवी असलेली धिमी, भरदार ओढ ती हीच.

सारांश, केवळ ‘डिझेल’ या शब्दावर भुलू नये. कोणते एंजिन, किती मोठे, किती फेऱ्यांना किती टॉर्क देणारे, हे विचारावे.

४. फेऱ्यांचा हिशेब

आता आपल्या शेतकरी कुटुंबाच्या जीपमध्ये असे मोठे, धिम्या गतीचे एंजिन बसवले असे मानू. जुन्या जीपच्या मागच्या आसातील दंतचक्रांचे प्रमाण ५.३८ असे; म्हणजे शेवटच्या गियरमध्ये एंजिनाचे ५.३८ फेरे झाले, की चाकाचा एक फेरा होई. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे २.१५ मीटर पुढे जाते असे धरू.

पेट्रोल एंजिन ४००० फेऱ्यांनी फिरत असता चाकाचे मिनिटाला ४००० ÷ ५.३८, म्हणजे सुमारे ७४३ फेरे होतात आणि गाडीचा वेग ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतो. डिझेल एंजिनाची मर्यादा ३००० फेऱ्यांची. त्याच दंतचक्रांवर गाडी ताशी ७२ किलोमीटरवरच थांबेल. आणि तोही वेग गाठताना एंजिन सर्व वेळ शेवटच्या टोकाला ओरडत राहील. हमरस्त्यावर हे सुखावह नाही, एंजिनाच्या आयुष्यासही हितकर नाही.

आसातील दंतचक्रे ४.२७ प्रमाणाची घातली, तर ३००० फेऱ्यांना ताशी सुमारे ९१ किलोमीटरचा वेग येईल. मग ओढ कमी होईल काय? पेट्रोलच्या वेळी चाकांवर पोचणारा टॉर्क १४२ × ५.३८, म्हणजे सुमारे ७६४ न्यूटन-मीटर होता. आता तो १९४ × ४.२७, म्हणजे सुमारे ८२८ होईल. वेग जवळजवळ पूर्वीइतका राहून ओढही वाढली. परंतु चारचाकी ओढीच्या गाडीत एक पथ्य पाळलेच पाहिजे : पुढच्या आणि मागच्या, दोन्ही आसांतील प्रमाण एकच हवे. केवळ मागचे बदलले, तर चारही चाके जोडताच दोन आस परस्परांविरुद्ध झगडतील आणि दंतचक्रे किंवा दंड मोडतील.

५. जागा, वजन आणि जोड

डिझेल एंजिन पेट्रोल एंजिनापेक्षा जड, आणि बहुधा उंच किंवा लांब असते. जीपमध्ये पुढचा आस एंजिनाच्या तळाखालीच हलतो. खड्ड्यात स्प्रिंग दबल्यावर आस वर येतो. तेलाची टाकी त्याला लागली तर ती फुटेल. म्हणून एंजिन मोकळ्या गाडीत बसवून समाधान मानू नये. स्प्रिंगा पूर्ण दाबून पाहाव्यात. वाढलेल्या वजनासाठी पुढच्या स्प्रिंगा बळकट कराव्या लागतात. ब्रेकही त्या मानाने पुरेसे आहेत का, ते पाहावे लागते.

याचे एक जुने उदाहरण तांबरमशी जवळचे आहे. तांबरमच्या दक्षिणेस पेरुंगलतूर–वंडलूर भागात स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कंपनीचा कारखाना होता. तेथे आरंभी स्टँडर्ड व्हॅनगार्ड मोटारींची जुळणी होई. या मोटारीचे २०८८ घन सेंटिमीटरचे पेट्रोल एंजिन फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या एंजिनाचे भावंड होते. १९५४ साली इंग्लंडमध्ये मूळ कंपनीने व्हॅनगार्डमध्ये डिझेल एंजिन देऊ केले. कारखान्यातूनच डिझेल एंजिन बसवून मोटार विकणारी ती पहिली ब्रिटिश कंपनी होय. परंतु जड एंजिनासाठी तिला गाडीचा सांगाडा मजबूत करावा लागला, आणि ४० अश्वशक्तीवर ती मोटार मंदच धावली. जे काम मूळ निर्मात्याला नकाशे व चाचण्या हाताशी असताना जड गेले, ते रस्त्याकडेच्या यंत्रशाळेत आपोआप सोपे होत नाही.

एंजिन आणि गियरबॉक्स वेगवेगळ्या घराण्यांचे असले, तर मध्ये जाड पोलादी जोडपट्टी लागते. तिचे काम केवळ भोके जुळवण्याचे नाही. क्रँकदंड आणि गियरबॉक्सचा दंड यांचे मध्यबिंदू एका रेषेत यावे लागतात. तेथे मिलिमीटरच्या काही शतांशांची चूकही धारव्याला आणि क्लचला लवकर झिजवते. ही पट्टी अंदाजाने कापण्याची वस्तू नव्हे. ती लेथवर, मोजमाप घेऊन करण्याची वस्तू आहे. क्लचही नव्या टॉर्कला पुरेल असाच हवा, आणि एंजिन पेलणारे रबरी आधार डिझेलचा कंप गिळतील असे हवेत.

६. जे डोळ्यांना दिसत नाही

एंजिन बसले, गियर पडला, गाडी चालली, म्हणजे काम संपले असे नव्हे. याच टप्प्यावर धोक्याच्या चुका होतात.

*निर्वाताची उणीव.* पेट्रोल एंजिन हवा अडवून आत घेते, म्हणून त्याच्या नळीत अंशतः निर्वात निर्माण होतो. अनेक गाड्यांमध्ये ब्रेक दाबण्यास साहाय्य करणारे उपकरण याच निर्वातावर चालते. कित्येक जुन्या जीपमध्ये काचेवरचे पुसणेही त्यावरच हलत असे. डिझेल एंजिनात हवा मोकळी शिरत असल्याने हा निर्वात मिळत नाही. स्वतंत्र निर्वात-पंप बसवला नाही, तर ब्रेकचे साहाय्य जाते आणि पायाला कितीतरी अधिक जोर लावावा लागतो. रिकाम्या गाडीत, सपाट रस्त्यावर हे लक्षात येत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसात, भरलेल्या गाडीसमोर अचानक कोणी आले, म्हणजे ते लक्षात येते; आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

*बंद करण्याची रीत.* पेट्रोल एंजिन ठिणगी तोडली की थांबते. डिझेलला ठिणगीच नाही. त्याचे इंधन तोडावे लागते. म्हणून चालकाच्या हाताशी इंधन बंद करण्याची दोरी किंवा विजेची झडप हवी, आणि ती प्रत्येक वेळी खात्रीने चालली पाहिजे. झिजलेल्या एंजिनात वंगणाचे तेलच हवेच्या मार्गाने आत जाऊन जळू लागले, तर इंधन तोडूनही ते थांबत नाही. असे एंजिन हवेची वाट बंद करूनच आवरावे लागते.

*वीज.* बऱ्याच जुन्या जीपमधील विजेची योजना ६ व्होल्टची होती. मोठ्या दाबाचे एंजिन फिरवण्यास ती अपुरी पडते. १२ व्होल्टची मोठी बॅटरी, दणकट स्टार्टर, जाड तारा आणि गरजेप्रमाणे सिलिंडर तापवणाऱ्या कांड्या लागतात. मग दिव्यांपासून भोंग्यापर्यंत सर्व उपकरणे १२ व्होल्टची करावी लागतात.

*इंधनाचा मार्ग.* डिझेलच्या पंपातील व नोझलमधील भाग अत्यंत सूक्ष्म मापाने घासलेले असतात, आणि इंधनच त्यांचे वंगण असते. पेट्रोलच्या जुन्या टाकीतील गंज, गाळ किंवा पाणी त्यांत गेले, तर ते लवकरच निकामी होतात. टाकी धुऊन कोरडी करावी, चांगली गाळणी आणि पाणी अडवणारे भांडे बसवावे. आणि उरलेले इंधन टाकीत परत आणणारी दुसरी नळी घालावी. पेट्रोलच्या गाडीत बहुधा ही परतीची नळी नसतेच. पेट्रोल असलेली किंवा नुकती रिकामी केलेली टाकी कधीही तापवू वा जोडू नये. तिच्यातील वाफ भरलेल्या टाकीपेक्षाही भयंकर असते.

७. पैशाचा हिशेब

आता खर्चाचा विचार करू. हिशेबाच्या सोयीसाठी काही गोल आकडे घेऊ. पेट्रोलवर जीप लिटरला ८ किलोमीटर आणि डिझेलवर १२ किलोमीटर जाते. पेट्रोल १०० रुपये व डिझेल ९२ रुपये लिटर. आणि एंजिन, दंतचक्रे, पंप, वीज व मजुरी मिळून अडीच लाख रुपये लागतात, असे धरू.

वर्षाला ६००० किलोमीटर गाडी चालली, तर पेट्रोल ७५० लिटर, म्हणजे ७५,००० रुपयांचे, आणि डिझेल ५०० लिटर, म्हणजे ४६,००० रुपयांचे लागेल. बचत २९,००० रुपये. मूळ खर्च वसूल होण्यास साडेआठ वर्षांहून अधिक काळ लागेल. तीच जीप वर्षाला केवळ २००० किलोमीटर चालली, तर बचत सुमारे ९,७०० रुपये, आणि वसुलीस जवळजवळ २६ वर्षे! यात नव्या एंजिनाची दुरुस्ती धरलेलीच नाही.

एके काळी हा हिशेब निराळा होता. भारतात अनेक वर्षे सरकार डिझेलची किंमत पेट्रोलच्या मानाने बरीच खाली राखत असे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि दोहोंतील अंतर घटले. पूर्वीच्या पिढीने डिझेलकडे धाव घेतली ती त्या काळी शहाणपणाचीच होती. आपण मात्र आपल्या काळचे आकडे मांडून निर्णय घ्यावा.

८. कायदा आणि हवा

वाहनाच्या नोंदणी-प्रमाणपत्रात एंजिनाचा क्रमांक व इंधनाचा प्रकार लिहिलेला असतो. १९८८च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ वाहनातील फेरफारांविषयी आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करता येत नाही, असा निर्वाळा दिला. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात जाऊन असा बदल मान्य होईल काय, हे लेखी विचारावे. तांबरमला असे कार्यालय आहे. नोंद न केलेल्या एंजिनाची गाडी विकता येत नाही, योग्यता-प्रमाणपत्राच्या वेळी अडते, आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई नाकारली जाण्याचा संभव असतो.

दुसरा प्रश्न हवेचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करतो, असा निष्कर्ष जाहीर केला. नव्या वाहनांत या धुरासाठी गाळण्या असतात. भंगारातून आणलेल्या जुन्या एंजिनात त्या नसतात. नोझल व पंप यांची नियमित तपासणी केल्यास धूर कमी होतो, पण नाहीसा होत नाही. ज्या अंगणात मुले खेळतात, तेथे गाडी विनाकारण चालू ठेवू नये, हे तरी प्रत्येकास पाळता येईल.

९. उपसंहार

आपल्या शेतकरी कुटुंबाने आता काय करावे? जीप रोज कष्ट करीत असेल, मोठे व चांगल्या स्थितीतले एंजिन मिळत असेल, परवानगी लेखी मिळाली असेल आणि काम मापाने करणारा कारागीर हाताशी असेल, तर बदलाचा विचार करावा. जीप आठवड्यातून एकदाच बांधावर जात असेल, तर मूळ पेट्रोल एंजिनाचा कार्ब्युरेटर, झडपा व ठिणगीची वेळ नीट करून घेणे स्वस्त पडेल आणि सुरक्षितही ठरेल. दोन्ही निर्णय योग्य असू शकतात. चूक होते ती हिशेब न करता घेतलेल्या निर्णयात.

एंजिन हे गाडीचे हृदय आहे असे म्हणतात. यंत्रशास्त्र त्यात एवढीच भर घालते, की हृदय बदलावयाचे असेल, तर नाड्या, श्वास व पाय यांचाही विचार आधीच करावा लागतो. १९३१ साली तांबरमच्या लोहमार्गावर जे खरे ठरले, तेच शेतातल्या एका जीपच्या बाबतीतही खरे आहे.

विचारासाठी प्रश्न

१. आसाचे प्रमाण ४.२७ असता व एंजिन मिनिटाला २५०० फेरे करीत असता या पाठातील जीपचा वेग काढा.

२. पेट्रोल जीप चढावर पूर्ण जोराने चालत असता निर्वातावर चालणारे पुसणे मंद का होत असे?

३. वरील हिशेबातील मूळ खर्च पाच वर्षांत वसूल व्हावा असे वाटत असेल, तर जीप वर्षाला किती किलोमीटर चालली पाहिजे?

४. आपल्या गावातील एखादा पाण्याचा पंप, पिठाची गिरणी किंवा नाव पाहा. तिची शक्ती तेलाऐवजी विजेची केल्यास आणखी कोणकोणते भाग बदलावे लागतील, त्यांची यादी करा.